टॉवेल कोण टाकतंय ते आधी बघ

या वेळचं पत्र सोलापूरचंच आहे. नाव छापत नाही, पत्र थोडं कमी करून देते.

‘ताई, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्स्पोर्टचे मेल बघते. घरी तेलुगु, शाळा मराठी, इंग्रजी बी.कॉम.पुरतं. इंग्लंडच्या एका बायरच्या मालाची शेड जुळेना, दोनदा लॉट परत रंगवावा लागला. तेव्हा त्याचा मेल आला, त्यात शेवटी होतं, वी आर नॉट रेडी टू थ्रो इन द टॉवेल जस्ट येट. मी मालकांना सांगितलं, तो टॉवेल फुकट मागतोय असं वाटतंय. मालक भडकले आणि त्यांनी सांगितलं तसं मी लिहून टाकलं की फ्री माल देता येणार नाही. त्याचं उत्तर आलं, तो चिडला नव्हता, त्याने नीट समजावलं की ही इडियम आहे आणि तो म्हणत होता आपण अजून हार मानलेली नाही. तेव्हापासून मालक माझे सगळे मेल भाच्याकडून तपासून घेतात. ताई, त्यातला प्रत्येक शब्द मला येत होता, म्हणून मी काही शोधलंच नाही. एखादी इडियम आपल्याला माहीतच नसेल तर ती इडियम आहे हे ओळखायचं कसं? आणि काल परत एक आलंय. सुताचा भाव वाढला तर पुढच्या ऑर्डरचा रेट काय धरायचा असं आम्ही विचारलं, तर तो लिहितो, वी विल क्रॉस दॅट ब्रिज व्हेन वी कम टू इट. उत्तर द्यायची भीती वाटायलीय.’

अगं, तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मी तीनदा वाचलं, प्रत्येक शब्द येत होता म्हणून काही शोधलंच नाही. सगळं तिथंच आहे बघ. अवघड शब्द आला की आपण आपोआप थांबतो, डिक्शनरी उघडतो, शेजारच्या टेबलावर विचारतो. पण इडियम, म्हणजे आपला वाक्प्रचार, बहुतेक वेळा पाचवीतल्या शब्दांचीच असते, थ्रो, टॉवेल, ब्रिज, लेग, बीन्स, आणि सोप्या शब्दांपाशी कोण थांबतंय? त्यामुळे ज्याला इंग्रजी बऱ्यापैकी येतं तोच इथे अडकतो, ज्याला काहीच येत नाही तो आधीच कुणालातरी विचारून मोकळा होतो.

आणि तू केलेला अर्थ येडपटासारखा नव्हता, हे मालकांनाही सांग. थ्रो इन म्हणजे सौद्यात वरून काहीतरी फुकट देणं, हा अर्थ इंग्रजीत खरोखर आहे. मंडईत मेथीची जुडी घेतली की आपण म्हणतो ना, मावशी, चार मिरच्या वर टाका की, तेच. उद्या एखादा बायर लिहील की कॅन यू थ्रो इन सम हँड टॉवेल्स, तेव्हा तो खरंच फुकट मागत असेल आणि तेव्हा मालकांचं भडकणं बरोबर असेल. त्यात ज्या गावच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय त्या गावात, दिवसभर टॉवेलचेच मेल वाचणाऱ्या मुलीला टॉवेल म्हटल्यावर टॉवेलच दिसणार. बॉक्सिंगची रिंग कुठून दिसेल?

हो, ती बॉक्सिंगमधली आहे. आपला खेळाडू आता मार खाऊन पडणार असं दिसलं की त्याच्या कोपऱ्यातला ट्रेनर रिंगमध्ये टॉवेल फेकतो, म्हणजे थांबवा, आम्ही हरलो. टॉवेलच्या आधी, १९व्या शतकात, हेच स्पंजचं नाव घेऊन म्हणायचे. आपल्याकडे याला तंतोतंत जोडी आहे, हात टेकले. तुझा बायर म्हणत होता, शेडचा एवढा घोळ झाला तरी आम्ही अजून हात टेकलेले नाहीत. म्हणजे तो तुमच्या बाजूने बोलत होता आणि तुम्ही त्याला नाही म्हणून कळवलं. तुला त्याचं वाईट वाटतंय ते मला कळतं.

आता तेच वाक्य परत समोर घे आणि बघ, त्यात तुला थांबवणाऱ्या जागा होत्या का. होत्या. पहिली जागा म्हणजे कर्ता. वाक्य वी ने सुरू होतंय, वी म्हणजे तो आणि त्याची कंपनी. टॉवेल बनवणार तुम्ही, पाठवणार तुम्ही, तर फुकट टॉवेल वर टाकणारेही तुम्हीच असणार ना, घेणारा माणूस आम्ही टाकायला तयार नाही असं कशाला म्हणेल? दुसरी जागा तो द टॉवेल. एक टॉवेल. तुझ्या मेलमध्ये माल नेहमी डझनात असतो, नाहीतर पीसमध्ये, सोबत साईज असते, जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन असतं, शेड नंबर असतो, आणि इथे अचानक नुसता एकच टॉवेल, कुठला ते नाही, किती ग्रॅमचा ते नाही. धंद्यातला माणूस खऱ्या मालाबद्दल इतकं मोघम लिहीत नाही. तिसरी जागा, ते वाक्य मेलमध्ये कुठे बसलं होतं. तो शेडबद्दल बोलत होता, उशिराबद्दल बोलत होता, पैशाचा विषयच नव्हता, मग शेवटच्या ओळीत फुकट मालाची मागणी कुठून उगवली?

म्हणजे बघ, इडियम माहीत नसली तरी ती खुणा सोडते. शब्दशः अर्थ लावला की कुठेतरी करकरतं, कोण करतंय ते जुळत नाही, किंवा नग जुळत नाही, किंवा मागच्या-पुढच्या वाक्याशी सांधा बसत नाही. शब्द सोपे आणि अर्थ जागेवर बसेना, असं झालं की तिथेच हात थांबव. मला विचारशील तर बाकी सगळ्या युक्त्या याच्या नंतरच्या.

हे तुला जमणार नाही असं समजू नको, मराठीत तू हे रोज करतेस. एखाद्या व्यापाऱ्याने हातावर तुरी दिल्या असं कोणी म्हटलं तर तू तुरीचा भाव विचारत नाहीस, आणि आपल्या जिल्ह्यात तर तूर पिकते, मार्केट यार्डात तुरीच्या पोत्यांवर पोती असतात, तरीसुद्धा विचारत नाहीस. का? कारण आधीचं वाक्य पैसे बुडाल्याचं होतं. आता हेच वाक्य शब्दाला शब्द लावून तू त्या इंग्लंडवाल्याला पाठवलंस, की आमच्या सूतवाल्याने आमच्या हातावर तुरी दिल्या, तर तो बिचारा विचारेल की तूर कशाला दिली आणि किती दिली. त्या टॉवेलच्या मेलला जशी तू, तसा तो तुरीला.

तुरीवरूनच पुढची परीक्षा सांगते, शब्द बदलून बघायचा. हातावर तुरी देऊन पळाला, बरोबर. हातावर मूग देऊन पळाला, झालं, सगळं कोसळलं, आता ते नुसते मूग उरले. नाकी नऊ आले ठीक, नाकी दहा आले म्हण बघू. कानाला खडा लावला, पण कानाला दगड लावला कोणी म्हणत नाही. खऱ्या अर्थाच्या वाक्यात जवळचा शब्द घातला तर अर्थ थोडासाच हलतो, लाल टॉवेल पाठवा आणि लाल नॅपकिन पाठवा ही दोन्ही नीट वाक्यं आहेत. थ्रो इन द नॅपकिन असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीत किक द बकेट म्हणजे मरणं, पण बकेटच्या जागी पेल घाल, पेल म्हणजेही बादलीच, आणि मग नुसती बादलीला लाथ उरते.

ही परीक्षा शंभर टक्के चालते असं मात्र धरू नको. टर्म्स अँड कंडिशन्स ही जोडीही कोणी सहसा उलटी लिहीत नाही, पण ती इडियम नाही, अर्थ सरळ आहे, फक्त सवयीने शब्द चिकटलेत. उलट स्पिल द बीन्स, म्हणजे गुपित फोडणं, ही पक्की इडियम असून तिला वाकवता येतं, द बीन्स वेअर स्पिल्ड असंही लिहितात. आणि काही वाक्यं दोन्हीकडे चालतात. पोटात दुखतंय म्हणणारा डॉक्टरकडे बसला असेल तर ते पोटच, आणि शेजाऱ्याने नवी गाडी घेतल्यावर कोणाच्या तरी पोटात दुखत असेल तर ते वेगळं. म्हणून मी आधी जागा बघायला सांगितली आणि शब्द नंतर.

इथे एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच धंद्यातली आहे. मी पूर्वी एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात पत्रव्यवहार बघायचे. एका परदेशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं, वी आर ऑन टेंटरहुक्स अबाउट द डिलिव्हरी. आमच्या मास्तरांना मी ते वाचून दाखवलं, त्यांनी टेंटर ऐकलं आणि सरळ स्टेंटरकडे गेले. स्टेंटर तू पाहिलंयस, ओला कपडा दोन्ही काठांना पिनांवर धरून, ताणून, गरम हवेतून काढायचं मशीन. मास्तरांना वाटलं गिऱ्हाईक काठाला पडलेल्या पिनांच्या भोकांची तक्रार करतंय. मशीन थांबवलं, पिना तपासल्या, काठ मोजले, अर्धा दिवस गेला. गिऱ्हाइकाने एवढंच लिहिलं होतं की डिलिव्हरीची वाट बघून आमचा जीव टांगणीला लागलाय. त्या पत्रातही खूण होती. वी आर ऑन टेंटरहुक्स. हुकांवर कपडा असतो, माणसं हुकांवर कशी असतील? हा प्रश्न त्या दिवशी मीही विचारला नाही आणि मास्तरांनीही.

यातलं मला सगळ्यात आवडणारं हे की मास्तर शब्दाला चुकले नव्हते. पूर्वी इंग्लंडात लोकरीचा धुतलेला कपडा आटू नये, वाकडा होऊ नये म्हणून लाकडी चौकटीवर काठांना हुक लावून ताणून वाळत घालायचे. ती चौकट म्हणजे टेंटर, ते हुक म्हणजे टेंटरहुक्स, आणि आपलं स्टेंटर हे नाव त्यातूनच आलेलं. ताणून धरलेल्या कपड्यासारखा ताणलेला जीव. चौकटी गेल्या, म्हण राहिली. आज इंग्लंडातल्या कितीतरी लोकांनी टेंटर कधी पाहिलेला नसेल तरी ते हे म्हणतात, आणि अक्कलकोट रोडवरच्या हेल्परला ते मशीन रोज दिसतं पण म्हण माहीत नाही. कुठल्या कुठे जातात शब्द!

बरं, आता शंका आली तर शोधायचं कसं. पूर्ण वाक्य शोधात टाकू नको. त्यातलं तुझ्या बायरचं स्वतःचं जे आहे ते काढ, वी आर नॉट रेडी काढ, जस्ट येट काढ, क्रियापद मूळ रूपात आण आणि उरलं ते, म्हणजे थ्रो इन द टॉवेल, अवतरण चिन्हात घालून शोध, म्हणजे तेच शब्द त्याच क्रमाने येतील, नाहीतर टॉवेल विकणारी दुकानंच समोर येतील. मग काय आलं ते नीट बघ. निवडणुकीच्या बातमीत तेच चार शब्द, क्रिकेटच्या बातमीत तेच, कुणाच्या दुकान बंद करण्याच्या गोष्टीत तेच, आणि कुठेच खरा टॉवेल नाही, तर ती इडियम, यात शंकाच नको. कुठेच काही आलं नाही तर ते बहुधा त्या माणसाने स्वतः बनवलेलं बोलणं आहे किंवा टायपिंगची चूक, आणि मग त्यालाच विचारावं लागतं. डिक्शनरीत बघणार असशील तर मुख्य नामाखाली बघ, टॉवेलखाली, तिथे नसेल तर थ्रोखाली, शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्यांत इडियम्स वेगळ्या काढून दिलेल्या असतात. माय, यूअर, हिज असे शब्द तिथे बऱ्याचदा समबडीज म्हणून लिहिलेले असतात हे ध्यानात ठेव, पुल माय लेग, म्हणजे माझी थट्टा करणं, शोधलंस तर पुल समबडीज लेग सापडेल.

उगमाच्या गोष्टींवर वेळ घालवू नको, निदान ऑफिसात तरी. टॉवेलची, टेंटरची गोष्ट खरी आहे, पण फॉरवर्ड होऊन येणाऱ्या कितीतरी रचलेल्या असतात. रूल ऑफ थम्ब म्हणजे नवऱ्याने बायकोला अंगठ्याएवढ्या जाड काठीने मारायची मुभा देणारा इंग्लंडचा जुना कायदा, असं सर्रास सांगतात. असा कायदा नव्हता. अंगठ्याने अंदाज घेतात तसा ढोबळ नियम, एवढाच त्याचा अर्थ, आणि मेलचं उत्तर द्यायला तेवढाच लागतो.

बायर कुठल्या देशाचा आहे ते मात्र बघच बघ. टेबल धर, क्रियापद म्हणून. इंग्लंडचा माणूस लेट्स टेबल धिस म्हणाला तर हा विषय चर्चेला घेऊया, आणि अमेरिकेचा तेच म्हणाला तर हा विषय बाजूला ठेवूया. पूर्ण उलट. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांची बैठकीत याच शब्दावरून लांबलचक वादावादी झाली, असं चर्चिलनेच लिहून ठेवलंय. दोघांची मातृभाषा इंग्रजी. तर मग तू कशाला मान खाली घालतेस?

आणि काहीही विचित्र दिसलं की लगेच इडियम म्हणून मोकळी होऊ नको. ग्रे फॅब्रिक म्हणजे करड्या रंगाचं कापड नव्हे, ते न रंगवलेलं कोरं कापड, हे तुला नोकरी लागल्यावर कळलं असेल, पण ती इडियम नाही, धंद्याचा शब्द आहे. फरक कसा करायचा तर तोच शब्द एलसीत, म्हणजे पेमेंटच्या हमीच्या बँकेच्या कागदात, पॅकिंग लिस्टमध्ये, इन्व्हॉइसवर येतो का बघ. तिथे येत असेल तर तो धंद्याचा शब्द. त्या कागदांत कोणी इडियम घालत नाही, तिथे एकेका शब्दावर पेमेंट अडतं.

एवढं करूनही कळलं नाही तर विचार, आणि विचारताना नुसतं याचा अर्थ काय असं विचारू नको, तुझा अंदाज लिहून विचार. जस्ट टू बी शुअर वी अंडरस्टँड यू करेक्टली, डू यू मीन यू विश टू कंटिन्यू विथ धिस ऑर्डर? असं. माणूस हो किंवा नाही म्हणतो, कोणाला अवघडल्यासारखं होत नाही, आणि तुझं लक्ष आहे हे त्याला दिसतं. तू स्वतः मात्र साधंच लिही. नवीन शिकलेल्या इडियम्स उत्तरात पेरू नको, वाचणारा गोंधळतो.

मालकांचं सांगते. भाचा मेल तपासतोय तर तपासू दे, त्याचा राग धरू नको, पण पैशाचा किंवा फुकटाचा विषय निघाला की मालकांकडे एकच अर्थ घेऊन जायचं नाही, दोन घेऊन जायचं. याचा एक अर्थ असा होतो, दुसरा असा होऊ शकतो, मी विचारून घेऊ का? त्या दिवशी तू हे म्हणाली असतीस तर मालक भडकले नसते असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि एक वही कर. डाव्या बाजूला इंग्रजी इडियम त्याच्या पूर्ण वाक्यासकट, उजव्या बाजूला आपला वाक्प्रचार, मराठीतला, आणि आठवला तर तेलुगुतला पण. घरात दोन भाषा असणाऱ्यांना हे सोपं जातं, एकच गोष्ट दोन घरी दोन तऱ्हेने म्हणतात हे तू लहानपणापासून ऐकतेस.

आता कालचा मेल, आणि हा आपण दोघी मिळून सोडवू. वी विल क्रॉस दॅट ब्रिज. शब्द सगळे सोपे, म्हणजे थांबायचं. पूल कुठला? आधीच्या मेलमध्ये पूल होता का? नव्हता, तरी तो दॅट ब्रिज म्हणतोय, जणू आपल्या दोघांना माहीत असलेला पूल. माल कंटेनरमधून बंदरात आणि तिथून जहाजाने जाणार, आणि विषय होता सुताच्या भावाचा. जुळत नाही. ब्रिज काढून रिव्हर घाल, म्हण मोडते. म्हणजे इडियम. अर्थ असा की ती वेळ आली की तेव्हा बघू, आत्तापासून त्याचा विचार नको. आपल्याकडचं बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी याच्या जवळचं आहे ते, तूर अजून बाजारात आहे, आत्ताच भांडण कशाला.

पण नुसता अर्थ कळून तुझं काम होत नाही. तुम्ही भाव विचारला आणि त्याने गोड शब्दांत उत्तर पुढे ढकललंय. त्याच्यासाठी तूर बाजारात असेल, तुमच्या मालकांना सूत उचलायचंय. तर मालकांना आधी सांग की तो नाही म्हणत नाहीये, टाळतोय, आणि ते हो म्हणाले की लिही, आम्हाला तुमचं म्हणणं समजलं, चालू ऑर्डर ठरलेल्या रेटनेच जाईल, पुढच्या ऑर्डरचा रेट मात्र सुताची खरेदी करण्याआधी नक्की करावा लागेल, कोणत्या तारखेला बोलूया ते कळवा. तारीख मागच, ती विसरू नको.